कॅरिकच्या दगडाला हिरव्या बांगड्या

बोगद्याच्या तोंडाशी डाव्या हाताला गुडघाभर उंचीचा काळा दगड आहे. त्यावर एकच शब्द कोरलेला आहे, कॅरिक. अक्षरं आपली मराठीच आहेत, जरा वाकडी. दगडाला हळदीकुंकू असतं आणि पुढ्यात हिरव्या बांगड्या असतात. येणारे लोक फोटो काढतात आणि मला विचारतात, मावशी, इंग्रज साहेबाला बांगड्या कशाला वाहता? काही हसतात. हसा. बाहेर आहात तोवर हसून घ्या.

आत जाण्याआधी माझं ऐकायचं. बोगद्यात शिट्ट्या मारायच्या नाहीत, आरोळ्या द्यायच्या नाहीत. मधोमध डाव्या अंगाला चुन्यात बांधलेली एक भिंत लागेल. तिथे ठोक ऐकू आली तर जागेवर थांबायचं आणि आपलं आडनाव सांगायचं. ओरडून नाही. घरात कडी वाजली की आतल्याला सांगतो ना, तसं. नवी नवरी असेल तर तिनं माहेरचं सांगायचं आणि मग सासरचं. ठोक थांबली की पुढे निघायचं, मागे बघायचं नाही. आम्ही घोणसवाडीची माणसं जन्मापासून असंच करत आलो. ज्याला ही थट्टा वाटते त्यानं इथं बाहेर बसावं. मी कुणाला आत ढकलत नाही.

तर हे असं का, ते ऐका. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

या डोंगराच्या पोटातून रेल्वे न्यायची असं साहेब लोकांनी ठरवलं होतं, असं सांगतात. त्या कामावर आला तो कॅरिक साहेब. इंजिनीअर. लांब कुठल्या तरी थंड मुलखातला, स्कॉटलंड म्हणतात त्याला, तिथला. माणूस वाईट होता असं कुणी सांगत नाही. हुशार होता, कामाचा होता, आणि घाईचा होता. त्याची एक सवय लोकांनी लक्षात ठेवली. सकाळी उजाडलं की तो मजुरांच्या खोपटांवरून फिरायचा. प्रत्येक खोपटाच्या मेढीवर, दाराच्या खांबावर, काठीनं ठोकायचा, ठक ठक, जरा थांबून पुन्हा ठक, आणि आपलं नाव सांगायचा. "कॅरिक." बस. एवढ्यावर माणसं उठून कामाला लागायची. पोरं त्याची नक्कल करायची, भांड्यावर ठोकायची आणि कॅरिक म्हणायची.

आमची धनगरं बोगद्याच्या कामावर जात नव्हती. डोंगर फोडायचा म्हणजे वाघजाईच्या अंगावर पाय द्यायचा. पण त्या साली गवत जळालं, जनावरं गेली, पोटाला नव्हतं. तेव्हा हैबती मुकादम साहेबाला म्हणाला, "सायेब, माणसं येतील. पण तुमाला जामीन ऱ्हावं लागंल."

"कशाचा जामीन?"

"आत गेलेलं माणूस आत सोडायचं न्हाई. जित्तं असू दे न्हाईतर मेलेलं, भाईर आणायचं."

साहेब म्हणाला, "एवढंच ना. देतो."

आमच्याकडे शपथ एकट्याची नसते. माणूस वाघजाईच्या शिळेवर हात ठेवतो, तळहातावर भंडारा घेतो आणि आपलं आडनाव घेऊन बोलतो. मी चुकलो तर माझ्या नावाचा जो कुणी सापडेल त्याला धर, असं बोलतो. मग चुकण्याची हिंमत होत नाही, कारण भोगतील ते भाऊ, पुतणे, नातू. हैबतीनं साहेबाला हे सगळं समजावून सांगितलं म्हणे. साहेब हसला. त्याला काय, भंडाऱ्यानं हात पिवळा होतो एवढंच. त्यानं शिळेवर हात ठेवला आणि हैबती सांगेल ते शब्द म्हटले. माणूस आत सोडला तर कॅरिक नावाचा जो कुणी इथे येईल तो डोंगराचा.

मग आमची माणसं आत गेली. त्यांत धाकलू ढेबे होता. त्याची बायको ठकूबाई. तिच्या अंगावर पिणारी एक लेक होती, भागू. ठकूबाई तोंडानं फार तिखट. साहेब मेढीवर ठोकायला आला की आतून म्हणायची, "आलं बघा सुतारपक्षी."

बोगदा आरपार व्हायला थोडाच उरला होता, तेव्हा बाजूनं एक आडवं भुयार काढायला घेतलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी त्या भुयारात सुरुंग उडाला आणि खडकाला भेग पडून पाण्याचा लोट आला. माणसं पळाली. धाकलू सगळ्यांत आत होता. मागून दरड बसली आणि तो पलीकडे राहिला. दगडांच्या फटींतून पाणी बोगद्यात यायला लागलं, घोट्याला, मग पोटरीला. साहेबानं हुकूम दिला, भुयाराच्या तोंडावर भिंत घाला. चुना, दगड, जे असेल ते. पाणी आत कोंडा.

भिंत कमरेएवढी आली तेव्हा आतून ठोक आली. पहारीनं खडकावर. ठक ठक, आणि थांबून ठक.

हैबती म्हणाला, "सायेब, त्यो जित्ता हाय."

साहेब म्हणाला, "पाण्याचा आवाज आहे."

"पाणी असं ठोकत न्हाई, सायेब. ही तुमचीच ठोक हाय. तुमाला हाक मारतोय त्यो."

साहेबाचं तोंड पांढरं पडलं म्हणे. पण भिंत थांबवली नाही. काही लोक सांगतात की बोगद्याच्या टोकाला आणखी माणसं कामावर होती, पाणी चढलं असतं तर ती गेली असती, म्हणून त्यानं तसं केलं. असेलही. पण शपथ घेताना असा काही अपवाद त्यानं सांगितला नव्हता. आणि पाणी ओसरल्यावर भिंत फोडता आली असती. तीही फोडली नाही. वरचे साहेब काम बघायला यायचे होते, बोगदा कोरडा दिसायला हवा होता.

ठकूबाई बोगद्याच्या तोंडाशी बसून होती. धाकलू मेला असं साहेबाच्या माणसांनी लिहून टाकलं, म्हणून वाडीतल्या बायका तिला ओढ्यावर घेऊन गेल्या आणि तिच्या बांगड्या फोडल्या. ती ओरडत होती, त्यो ठोकतोय, अगं त्यो ठोकतोय. कुणी ऐकलं नाही. नवरा आत ठोकत होता आणि बाहेर बायकोच्या बांगड्या फुटत होत्या. या गोष्टीत डोंगराचं भय आहेच, पण मला सगळ्यात जास्त भय वाटतं ते त्या ओढ्यावरचं. त्या बायका आमच्याच होत्या.

पुढे ठोक बंद झाली. बोगद्याचं पलीकडचं तोंड फुटलं, मग पाऊस आला, काम थांबलं, साहेब खाली गेला.

दसऱ्यानंतर साहेब परत आला. भिंतीला तडा गेलाय असं कळल्यावर कंदील घेऊन बघायला गेला. सोबत माणसं होती. भिंतीपाशी पोचले आणि आतून आवाज आला. ठक ठक. ठक. इतके महिने उलटल्यावर. माणसं जी पळाली ती उजेडात येऊन थांबली. साहेब पळाला नाही. दोन्ही तोंडांना माणसं उभी होती आणि आत साहेब एकटा. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की ठोक पुन्हा झाली आणि साहेबानं आपल्या सवयीनं उत्तर दिलं. "कॅरिक."

मग काही नाही. ओरडणं नाही, पडल्याचा आवाज नाही.

बराच वेळ गेल्यावर हैबती आत गेला. कंदील भिंतीशी जमिनीवर सरळ ठेवलेला होता, जळत होता. साहेब नव्हता. बोगदा सरळ आहे, तुम्ही बघालच, लपायला कोनाडासुद्धा नाही. भिंत जशीच्या तशी होती. फक्त तडा बुजला होता.

त्यानंतर रेल्वेनं दुसरीकडून वाट काढली आणि बोगदा आमच्या गळ्यात पडला. त्याचं पलीकडचं तोंड तेवढं फुटलेलं होतं, त्यामुळे पलीकडच्या तळकोंड गावात जायला तीच जवळची वाट झाली. भीत भीत लोक जायला लागले. सगळ्यात आधी गेला धाकलूचा धाकटा भाऊ नवलू ढेबे. भिंतीशी ठोक आली तेव्हा तो जागीच थांबला. तो म्हणाला, "ढेबे हाय रं. तुजाच हाय." ठोक थांबली. तेव्हापासून प्रत्येक जण आपलं आडनाव सांगायला लागला. ती ठोक म्हणजे विचारणं आहे. कोण आलंय, तो आलाय का, एवढंच तो विचारतो.

खोटं नाव सांगितलं तर काय होतं ते कुणाला ठाऊक नाही. सांगून बघितलेलं नाही.

काही वर्षांनी जंगलखात्यात एक नवा साहेब आला. त्याचंही आडनाव कॅरिक. इंजिनीअर साहेबाचा तो कुणी नव्हता म्हणे, चुलतसुद्धा नाही. पण आमच्या लोकांना हे कसं पटावं? आमच्यात एक आडनाव म्हणजे एक भावकी, एक कूळ, एक देव. लोकांनी त्याला सांगितलं, साहेब, तुम्ही बोगद्यात जाऊ नका. त्यानं ते हसण्यावारी नेलं आणि कुत्रा घेऊन आत गेला. कुत्रा एकटाच बाहेर आला, अंग ओलं, शेपूट पोटात. बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली सापडली.

ठकूबाईनं त्या दिवशी वाडीत गूळ वाटला. हे मी लपवून ठेवत नाही. तिचं म्हणणं, एक गेला, दुसरा गेला, अजून येऊ देत. डोंगराचं पोट भरलं की माझा नवरा सुटंल.

मग आणखी काही वर्षांनी पायथ्याच्या बाजारगावात मिशनचा दवाखाना झाला आणि तिथे एक डॉक्टरीण आली. तरुण, तांबड्या केसांची, पायात पुरुषी बूट. मराठी शिकलेली, पण पुस्तकातली. घाट चढून ती आमच्या वाडीवर यायची, गळवं कापायची, पोरांना औषध द्यायची. पहिल्याच दिवशी कुणी तरी नाव विचारलं आणि तिनं सांगितलं. कॅरिक. तिच्या मांडीवरचं पोर त्याच्या आईनं हिसकावून घेतलं. अंगण रिकामं झालं. ती बिचारी औषधाची बाटली हातात घेऊन उभी. एकटी ठकूबाई जवळ आली आणि तिला खालून वर बघून म्हणाली, "आली का तूबी."

तरी डॉक्टरीण वर्षानुवर्षं येत राहिली. बोगद्याकडे तिला कुणी जाऊ दिलं नाही. आणि ठकूबाई वाट बघत राहिली, आज ना उद्या जाईलच म्हणून.

आणि मग ती वेळ आली. भागू तोवर पस्तिशीला आलेली, पलीकडे तळकोंडात आखाड्यांच्या घरी दिलेली होती. पावसाची झड लागलेली, खिंडीतली दुसरी वाट दरडीनं गेलेली. दुपारी भागूचा नवरा बोगद्यातून धावत आला. पोर आडवं आलंय, कालपासून भागू अडलीय, आता तिच्या अंगात ओरडायचंही बळ नाही. डॉक्टरीण नेमकी वाडीतच होती. तिनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला. वाट दाखवा."

वाट एकच होती.

सगळे ठकूबाईकडे बघायला लागले. जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती कॅरिक स्वतःच्या पायानं निघाली होती, पण डोंगरानं तिला धरलं तर भागू मरणार. ठकूबाईनं काठी घेतली, घोंगडी घेतली आणि पुढे झाली. चढण चढताना तिनं डॉक्टरणीला विचारलं, "बाय, तुज्या नावाची मानसं तिकडं किती हायती?"

डॉक्टरणीला वाटलं म्हातारी भीती घालवायला बोलतेय. ती म्हणाली, "पुष्कळ आहेत, आजी. एक कॅरिक दीपगृहं बांधायचा. एक जहाजाचा कप्तान होता, बर्फात अडकून मेला. एक मोठा धर्मोपदेशक होता. मेंढ्या चोरून फाशी गेलेलाही एक आहे. आमच्या गावच्या प्रार्थनेला निम्मे बाक कॅरिकच असतात."

"मेंढ्या चोरून?"

"हो."

"बरं झालं लटकावला. आन् ही समदी तुजी भावकी?"

"नाही हो. नाव तेवढं एक. त्यांतल्या कितीकांना मी ओळखतही नाही."

"हितला इंजनेर?"

"त्यांचं नाव मी इथंच पहिल्यांदा ऐकलं, आजी."

ठकूबाई थांबली. दम लागला म्हणून थांबली असं मागच्यांना वाटलं. मग स्वतःशीच म्हणाली, "म्हंजे ह्यो डोंगर खातच बसंल. ज्यांचा काय संबंद न्हाई त्यांना खाईल, आन् माजा माणूस हितंच ठोकत बसंल."

बोगद्याच्या तोंडाशी वाघजाईची शिळा आहे, ती पलीकडची शेंदूर लावलेली. तिथे ठकूबाईनं डॉक्टरणीला उभं केलं. तिच्या तळहातावर भंडारा ठेवला. आपल्या अंगावरची घोंगडी काढून तिच्या खांद्यावर घातली आणि शिळेवर तिचा हात दाबून म्हणाली, "आई, ही आजपास्नं माजी लेक. ढेब्यांची. हिचं जुनं नाव माज्यापाशी." डॉक्टरणीला वाटलं, गावचा रिवाज असेल. घाईत तिनं मान हलवली.

नवलू म्हातारा झाला होता, पण सोबत आला होता. त्यानं विचारलं, "वैनी, नाव तुज्यापाशी म्हंजे काय?"

"ठेव म्हून ऱ्हाईल. तू गप बस."

पुढचं सगळं नवलूनं आणि भागूच्या नवऱ्यानं सांगितलेलं आहे. नवलू तोंडाशीच थांबला. तिघं आत गेली, पुढे जावई, मध्ये डॉक्टरीण, मागे कंदील घेऊन ठकूबाई. भिंतीपाशी आली आणि ठोक झाली. जावई म्हणाला, "आखाडे." थांबली. दोन पावलं टाकली तर पुन्हा ठोक. ही डॉक्टरणीसाठी होती. तिला सगळं ठाऊक होतं, वाडीत इतकी वर्षं ऐकलं होतं, आणि हसण्यावारी नेलं होतं. आता तिनं खांद्यावरची घोंगडी आवळून धरली. खडकातून थंड हवा आली, ओल्या चुन्याचा वास आला. जावयाला तिचे दात वाजलेले ऐकू आले. शेवटी ती म्हणाली, "ढेबे."

किती तरी वेळ नुसतं पाणी ठिबकत होतं. भिंतीपलीकडे कुणीतरी कान लावून उभं आहे असं जावयाला वाटलं. इतकं जवळ, की त्यानं श्वास आवरला.

ठोक झाली नाही.

"व्हा फुडं," ठकूबाई म्हणाली. "बाळतपण माज्यासाठी थांबायचं न्हाई. माजे पाय चालत न्हाईत, मी येते."

ती दोघं चालत राहिली. समोर तळकोंडाकडचा उजेड दिसायला लागला तेव्हा मागे पुन्हा ठोक आली. ठक ठक. ठक. आणि ठकूबाईचा आवाज आला. घाबरलेला नाही. रानातून दमून घरी आलेली बाई आपल्याच दारात उभी राहून बोलेल तसा.

"कॅरिक," ती म्हणाली. "दार उघड."

डॉक्टरीण मागे फिरली. जावयानं तिचा हात धरला आणि एवढंच म्हणाला, "भागू." मग ती पळत पलीकडे गेली. पोर फिरवून काढलं. मुलगी झाली, भागू वाचली. त्या मुलीच्या वंशात माझी सासू.

जावई तळकोंडातली माणसं घेऊन परत आला तेव्हा कंदील भिंतीशी जमिनीवर सरळ ठेवलेला होता, जळत होता. काठी भिंतीला टेकवलेली होती. ठकूबाई नव्हती.

हा दगड डॉक्टरणीनं बसवला. पाथरवटाला लोकांनी सांगितलं होतं, ठकूबाई ढेबे असं कोर. डॉक्टरणीनं थांबवलं. ती म्हणाली, ते नाव त्यांनी मला दिलंय, ते माझं आहे. त्यांचं नाव कोरा. म्हणून त्यावर कॅरिक आहे. तो साहेबाचा दगड नाही. तो ठकूबाईचा आहे. डॉक्टरीण पुढे मरेपर्यंत ढेबे असंच सांगायची म्हणे, दवाखान्याच्या पाटीवरही तेच होतं. पण बोगद्यात ती पुन्हा शिरली नाही.

डोंगराचं देणं फिटलं की नाही, ते मला विचारू नका. मध्ये एक परदेशी मुलगी आली होती, पाठीवर पिशवी, तुमच्यासारखीच हसरी. आडनाव विचारलं तर कॅरिक. मी तिला इथं बसवली, भाकरी खायला घातली आणि परत पाठवली. रागावली. रागावू दे. तिला आत न्यायचं तर आपलं नाव देणारी आणि तिचं घेणारी बाई लागते, आणि मी ठकूबाई नाही.

आजही ठोक येते. रोज नाही, पण येते. आजही आम्ही थांबतो, आडनाव सांगतो आणि पुढे जातो. फरक एवढाच, की आधी एकाच हाताची ठोक होती. ठकूबाई गेल्यानंतर पहिल्यांदा नवलू आत गेला तेव्हा त्यानं दोन हातांची ऐकली. एक जुनी, पहारीची. आणि दुसरी हलकी, मागून येणारी, आणि तिच्यासोबत काकणांचा आवाज. नवलू बाहेर येऊन रडला, असं सांगतात. ती आत गेली तेव्हा तिच्या हातात बांगडी नव्हती, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

म्हणून वाहतो. ज्या बायकांनी ओढ्यावर फोडल्या त्यांच्याच आम्ही लेकीसुना. सकाळी ठेवलेल्या बांगड्या दुसऱ्या दिवशी दगडापाशी नसतात.

आता चला. एका मागे एक. आडनाव तोंडात तयार ठेवा.